सेपरेटची टोटल

१

जेलात मानसं दिवसातून चार येळा मोजतेत. सकाळी बराक उघडली की एकदा, दुपारी बाराला कोंडायच्या आधी एकदा, तीनला परत उघडली की एकदा आन संध्याकाळी साडेपाचला. माझा बाप तीस शेळ्या राखतो, तो बी दोनदाच मोजतो.

मोजन्याला आत टोटल म्हनतेत. बसायचं जोडीनं, एकाच्या बाजूला एक. हवालदार लाईनीच्या कडंनं चालत जातो आन बोलत जातो, "एक जोडी, दोन जोडी, तीन जोडी." शेवटाला कोनी एकटा उरला तर तो सुट्टा. आकडा रजिस्टराशी जुळला की गेटवरची घंटा एकदा वाजती. न्हाई जुळला तर घंटा न्हाई, आन घंटा न्हाई तर कायच न्हाई. भत्ता न्हाई, म्हंजे जेवन. मुलाकात न्हाई. कोर्टाची गाडी न्हाई. ज्याचा जामीन झालाय तो बी गेटच्या आतच बसून ऱ्हातो.

जेल कुठलं ते सांगत न्हाई. बीड जिल्ह्यात हाय, एवढं बास.

मी शिवशंकर. पाटोद्याकडचा. वय बावीस. आत कच्चा होतो, म्हंजे केस चालू, शिक्षा न्हाई. गुन्हा असा की, गावच्या बोर्डावर मी एक नोटीस लावलती. सर्व शेळ्यांची नोंदणी होणार हाय, प्रत्येक शेळीचे पासपोर्ट साईज फोटो दोन प्रती आणावेत, दोन्ही कान दिसले पाहिजेत. खाली ग्रामपंचायतीचा शिक्का. शिक्का मी बटाट्यावर कोरलता.

दोन दिवसात पाटोद्याच्या फोटोवाल्याकडं सत्तर शेळ्या गेल्या. त्यात तीस आमच्या. आबाला, म्हंजे माझ्या बापाला, मी सांगितलं न्हाई की नोटीस माझी हाय. मला वाटलं त्याला कळंल. त्याला मस्करी करता येत न्हाई आन केलेली कळत बी न्हाई. एका शेळीचे कान नीट आले न्हाई म्हनून तो दुसऱ्या दिवशी तिला घेऊन परत गेल्ता.

केस झाली. बटाटा जप्त झाला. पंचनाम्यात 'कोंब फुटलेला' असं लिवलंय.

२

आत गेलो तरी सवय जात न्हाई.

आमच्या बराकीत एकतीस जोड्या आन एक सुट्टा, त्रेसष्ट. मी दुसऱ्या जोडीत बसायचो. एका दुपारी बाराच्या टोटलला बिभीषण हवालदार मला मोजून पुढं गेला, अंगनातल्या मधल्या खांबाच्या पलीकडं पोचला, आन मी लाईनीच्या मागून रांगत जाऊन शेवटी त्या सुट्ट्याच्या बाजूला बसलो. सुट्टा म्हंजे एक म्हातारा होता, त्यानं माझ्याकडं बघून तंबाखू मागितली.

"बत्तीस जोडी," बिभीषण हवालदार म्हनला. "चौसष्ट."

तो थांबला. हा मानूस लई शांत. मारतो बी शांततेत. "परत बसा," म्हनला.

मला एवढंच पायजे होतं. मी गुपचूप माझ्या जाग्यावर आलो आन गप बसलो. दुसऱ्या येळंला मी हाललो न्हाई. मांडी घालून, हात गुडघ्यावर, शाळेत बसत्यात तसा.

"बत्तीस जोडी. चौसष्ट."

मी वळून बघितलं. म्हातारा एकटाच बसलता. हनुवटीला हात लावून.

तिसऱ्या येळंला बी चौसष्ट. चौथ्या येळंला बी. मे महिना, अंगनात ऊन असं की फरशीवर पाय ठेवला तर कातडं सोडून यावं लागंल. दोन तास झाले. मागनं लोकं शिव्या घालायले. शेवटी मी उठून सांगितलं, "साहेब, पहिल्या येळंला मी दोनदा बसलतो." दोन खाल्ल्या, शांततेत. मग बिभीषण हवालदारानं मला बाजूला उभं केलं आन बाकीचे मोजले. बासष्ट यायला पायजे.

त्रेसष्ट आले.

"आन तू एक," म्हनला. "चौसष्टच."

मग जेलर साहेब आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आन रजिस्टर मागितलं. "एक मानूस कमी पडला तर माझी नोकरी जाती," म्हनले. "एक जास्त झाला तर कोन विचारतंय बे? लिव चौसष्ट."

लिवलं. घंटा वाजली. सगळे भत्त्याला पळाले.

मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सेपरेटला टाकलं.

३

सेपरेट म्हंजे जेलातलं जेल. बराकींच्या मागं परत एक भिंत, भिंतीच्या आत समोरासमोर चार आन चार खोल्या, मधी फरशीचं अंगन, खोल्यांवर पत्रा. मारामारी करनारे, ज्यांना बराकीत धोका हाय ते, आन डोक्यानं जरा सरकलेले, असे तिथं ठेवतेत. पत्र्याखाली त्रेचाळीस डिग्री असती आन आतली मानसं त्या जाग्याला फ्रीज म्हनतेत. मला ते नाव लई आवडलं. कोन ठेवलं विचारलं तर म्हनले तो सुटला.

तिथं सहा जन होते. दोघांची नावं सांगतो, बाकीच्यांचं काम न्हाई. एक बद्रीनाथ, अकरा वर्षं झालेला पक्का कैदी, सगळे त्याला बद्रीमामा म्हनायचे. दुसरा आश्रुबा, माझ्या समोरच्या खोलीत, बराकीत कुनाचं तरी नाक चावलतं म्हनून आलेला. बोलायला लई गोड मानूस.

मला शेवटची खोली दिली, एकट्याला. बाराला टोटल. सहा जन बसले, तीन जोड्या. त्यांच्या मागं मी, सुट्टा. बाजूला फरशी, फरशीवर एक मुंगळा.

बिभीषण हवालदार आला. चालत चालत माझ्यापर्यंत आला.

"चार जोडी," म्हनला. "आठ."

मी मान वर केली. "साहेब, सात."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या बाजूला बघितला, तेवढाच येळ. मग वहीत लिवून गेला. थोड्या येळानं घंटा वाजली. म्हंजे बराकीतले मी गेल्यावर बासष्ट भरले होते आन आमचे आठ, सगळं बराबर.

मी हसलो. मी स्वतः मस्करीतला मानूस, मला वळख हाय. दोन तास उन्हात बसवलं म्हनून सगळ्या जेलनं मिळून माझी घ्यायची ठरवलीय, हे मला लगेच कळलं. करनाऱ्यानं चांगलं केलतं. कोनी हसलं न्हाई, तोंड दाबलं न्हाई, एकमेकाकडं बघितलं न्हाई. मला जरा आदर वाटला.

"मामा," मी म्हनलो, "कोनाची आयडिया?"

बद्रीमामा उठता उठता गुडघे दाबत होता. "कशाची?"

"जोडीची."

"तू आल्यामुळं जमली बघ," म्हनला. "न्हाई तर एक जन सुट्टा बसायचा म्हंजे बरं दिसत न्हाई."

"कोन सुट्टा? तुमी सहा जन. तीन जोड्या."

"तेच म्हनतोय," मामा म्हनला आन आपल्या खोलीत गेला.

४

बाराच्या टोटलनंतर भत्ता वाटायला येनारानं माझ्या गजातून दोन ताटं सरकवली. वरन, दोन दोन भाकरी, कांदा.

"एक जास्त झालं," मी म्हनलो.

"खोलीत दोन हाईत," तो म्हनला. त्याच्या हातात चिठ्ठी होती. खोली आठ, दोन.

दोन कांबळी बी होती. दोन मग. मी म्हनलं चला, फायदाच हाय. पन ते दुसरं ताट मी खाल्लं न्हाई. उपाशी असून न्हाई खाल्लं. का, ते मला सांगता येनार न्हाई. कोपऱ्यात ठेवलं, त्याच्यावर मग पालथा घातला, आन म्हनलं बघू, हे संध्याकाळी तसंच परत पाठवतो, म्हंजे ह्यांची मस्करी ह्यांच्याच घशात.

दुपारी बारा ते तीन कोंडलेलं असतं. पत्रा तापला की टिक टिक करतो. आधी भरभर करतो, मग दमल्यासारखा हळू. अंगनात कोनी न्हाई, हवा न्हाई, भिंतीपलीकडं बराकीत कोनी खोकलं तर तेवढं ऐकू येतं. मी झोपलो.

उठलो तवा ताट रिकामं होतं. मग बाजूला उभा करून ठेवलेला. ताटात फक्त भाकरीच्या कडा होत्या, दोन गोल कडा, बांगड्यांसारख्या.

आता सांगतो. भाकरी मी मधून खातो. लहानपनापासून. कड ठेवून देतो, माय बोंबलायची त्याच्यावरून.

म्हंजे मीच खाल्ली. दुसरं काय? उन्हानं गुंगी आली, झोपेत उठलो, भूक होती, खाल्लं. झोपेत मानसं काय काय करतेत. माझा एक चुलता झोपेत विहिरीवर जाऊन मोटार चालू करून यायचा. मी माझं पोट दाबून बघितलं. पोट भरलंय का रिकामं हाय, हे खरं म्हंजे मानसाला कळायला पायजे. मला कळंना.

माझ्या ताटात बी दोन कडा होत्या. सगळ्या मिळून चार. मी त्या मांडून बसलो तीन वाजेपर्यंत.

५

चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या टोटलनंतर आश्रुबा नळावर भेटला. गंजीफ्रॉक पिळत म्हनला, "शिवा, राग येऊ देऊ नको. पन दुपारचं जरा हळू बोलत जावा. मला तेवढीच झोप लागती."

"मी कुठं बोलतो?"

"तू न्हाई रे. तू नुसतं हूं हूं करतोस. तो बोलतो."

मी मग भरून घेतला. पानी गरम होतं. "काय बोलतो?"

"आता सगळं ऐकू येत न्हाई. शेळ्यांचं सांगत होता परवा. फोटोचं. एकीचे कान आले न्हाई म्हनून." आश्रुबाला सांगतानाच हसू यायलं. "लई हसवतो राव. तू बी सांगितलतं आम्हाला पहिल्या दिवशी, पन त्याच्यासारखं न्हाई. त्याचं भारी."

मला राग आला, हे खरं हाय. भीती नंतर आली, आधी राग आला. मी ती शेळ्यांची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती, म्हंजे कोनालाबी माहीत होती, म्हंजे आश्रुबा मस्करीच करायलाय, हे उघड होतं. पन मस्करीत 'त्याचं भारी' हे कोनी कशाला घालंल? तेवढं बारीक काम आश्रुबाचं न्हाई. त्यानं नाक चावलंय मानसाचं.

"आश्रुबा," मी म्हनलो, "आईची शपथ घे. दिसतो का तुला तो?"

तो विचारात पडला. खरंच विचारात पडला, कपाळाला आठी घालून, जसं काय कोनी त्याला गनित घातलंय.

"आता दिसतो म्हंजे," म्हनला, "मी कधी नीट बघितलं न्हाई. तू असतोस ना तिथं. तू दिसतोस. मग कशाला बघायचं?"

संध्याकाळच्या टोटलला मी कडंनं बघत बसलो. नवी गोष्ट कळली. लाईनीत कोनी मागं बघत नव्हतं. आधी मला वाटलेलं की लोक सहज पुढं बघतेत. तसं नव्हतं. मान ताठ ठेवून, मुद्दाम, मोटरसायकलवर समोरून ऊन आलं की ठेवतेत तशी. माझ्या पुढचा जोडीवाला तर दोन वीत पुढं सरकून बसलता.

"चार जोडी. आठ."

त्या दिवसापासून दुपारी मी झोपायचं बंद केलं. डोळे उघडे ठेवून पडायचो. काय ऐकू आलं न्हाई. पत्रा, आन दूर कुठं तरी सायकलची घंटी. पन मी अधनंमधनं हूं म्हनायलोय, हे माझं मलाच कळायचं, म्हनून झाल्यावर.

६

जेलातनं आठवड्याला एक फोन करू देतेत. आबाला लावला.

"आबा, कसं चाललंय?"

"बरं हाय. वकील म्हनला जामीन झाला. शुक्रवारी कागद घेऊन येतो. सुंदररावाची गाडी मागितलीय."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. "एकटाच येतो ना?"

"मग? माय शेळ्याकडं थांबती." मग म्हनला, "शिवा, तुझं कसं काय आवाज असा येतोय?"

"कसा?"

"जरा लांबून आल्यासारखा."

"फोन तसाच हाय हा," मी म्हनलो.

शुक्रवार. मी ठरवलं की जायच्या आधी ह्यांची मस्करी मोडून जायची. तसं न करता घरी गेलो असतो तर सगळं आयुष्य मला आठवलं असतं की आत सहा टाळक्यांनी आन एका हवालदारानं मला बनवलं. आन दुसरी एक गोष्ट होती. ही मस्करी हाय हे मला एकदा, सगळ्यांच्या समोर, नक्की करून पायजे होतं. नुसतं मला वाटून भागत नव्हतं.

७

शुक्रवारी बाराची टोटल. माझं नाव सुटकेच्या यादीत आलतं. आबा सकाळी अकरापासून गेटवर होता. टोटल जुळली, घंटा वाजली की मला आफिसात नेनार, अंगठा घेनार, सोडनार.

मी लाईनीच्या शेवटी बसलो तो भिंतीला चिकटून. डावा खांदा भिंतीला. उजव्या बाजूला मी पान्याचा माठ आनून ठेवला, तिवईसकट. बाजूला शेळीचं पिल्लू बसायला बी जागा नव्हती.

बिभीषण हवालदार आला. एक जोडी, दोन जोडी, तीन जोडी. माझ्यापाशी थांबला.

"माठ उचल."

"कावून साहेब?"

"त्याला बसू दे."

"हितं कोन न्हाई," मी मोठ्यानं म्हनलो. सहाच्या सहा पाठी माझ्याकडं, एक बी हालली न्हाई. "मी एकटा हाय. तीन जोडी, एक सुट्टा. सात. लिवा."

त्यानं माठाकडं बघितलं. मग म्हनला, "बरं." वहीत लिवलं. सात. गेला.

मी जिंकलो. एवढं सोपं होतं ते मला आधी कळलं न्हाई.

घंटा वाजली न्हाई.

पंधरा मिनटं. अर्धा तास. भिंतीपलीकडं बराकीतले बी उन्हात बसलेले, त्यांची कुजबुज चालू झाली. मग शिव्या. मग कोन तरी म्हातारा पडला, पानी आना पानी आना झालं. एक वाजला. माझ्या डोक्यावर ऊन असं की केस दुखायलते. मी माठाकडं बघितलं तर बद्रीमामा मागं न बघता म्हनला, "शिवा, उचल रे माठ."

"मामा, तुमी सांगा. तुमी अकरा वर्षं आत हाव. खोटं कशाला बोलता? हाय का कोनी?"

"मला काय विचारतो," मामा म्हनला. "तुझी जोडी. मला माझं गाव दिसायलंय उन्हात, तुला काय सांगू काय हाय आन काय न्हाई. माझं डोकं फुटायलंय, उचल."

दोनला जेलर साहेब आले. मागं बिभीषण हवालदार, रजिस्टर घेऊन.

"रजिस्टराला एक मानूस कमी हाय," जेलर साहेब म्हनले. "कमी म्हंजे काय माहिताय का? फरार. फरार म्हंजे पोलीस येनार, वरून साहेब येनार, चौकशी लागनार. आन फरार व्हायच्या आधी शेवटचा कोनाच्या बाजूला बसलता? तुझ्या. जामीन बिमीन इसर मग. चौकशी संपेपर्यंत तू हितंच."

"साहेब, तो न्हाईच. तो तुमी लिवलाय."

"मी लिवला. आनला कोन?"

मी कपाळाचा घाम पुसला.

"मला एकच सांग," ते म्हनले. ते चिडलेले नव्हते. उलट त्यांचा चेहरा असा होता की मी 'हाय' म्हनावं म्हनून ते मनातनं देवाला विनवायलेत. "हाय का न्हाई?"

मी माठ उचलला. भरलेला, जड होता. तिवई सरकवली. फरशी दिसली. एका मानसापुरती फरशी, तिच्यावर काय नव्हतं, ऊन होतं. मी हात खाली टेकवला, टेकवायचाच होता, माठ ठेवायला वाकलतो.

बाकीची सगळी फरशी तव्यासारखी होती. तिथली गार होती.

माठाखालची असंल, म्हनून मी हात पुढं नेला. तिथं बी गार. आनखी पुढं, जिथं तिवईची सावली कधी पडली नव्हती. गार, आन थोडीशी ओली, जसं कोनी घामाघूम मानूस लई येळ बसून आत्ताच जरा बाजूला सरकलाय. हात ठेवायला जागा करून दिल्यासारखा.

मी हात काढून घेतला.

"हाय," म्हनलो.

"कुठं?"

"हितं, साहेब. बसलाय."

"मग सरक की भिंतीपासून. नीट बसू दे त्याला."

मी सरकलो. बिभीषण हवालदारानं पहिल्यापासून मोजलं. एक जोडी, दोन जोडी, तीन जोडी.

"चार जोडी. आठ."

घंटा वाजली. भिंतीपलीकडं कोन तरी टाळ्या वाजवल्या.

८

मग सगळं भरभर झालं. आफिसात नाव, बापाचं नाव, गाव विचारलं. अंगावरची खूण बघितली, उजव्या ढोपरावर जखमेचा डाग. माझे कपडे, पाकीट, बंद पडलेला मोबाईल दिला. सुटकेचा कागद एक होता, त्याच्यावर नाव एक होतं, मी तीनदा वाचलं.

बिभीषण हवालदार मला गेटपर्यंत घेऊन आला. मी म्हनलो, "साहेब, आता मी चाललो. तुमच्या सेपरेटला आता किती?"

"सात."

"सहा जन हाईत."

"सहा आन तो," तो म्हनला. "तो रजिस्टराला हाय. तो कुठं जातो? त्याचा कागद आलाय का?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मस्करी असंल तर मस्करी आत राहिली. मस्करी नसंल तर तो आत राहिला. दोन्हीकडून मी मोकळा. मी त्याच्या पाया पडलो. तो शांतपने बाजूला सरकला.

गेटातलं छोटं दार उघडलं, मी वाकून बाहेर आलो. दार लावून घेतल्याचा आवाज ऐकला. आतून कडी. वळून बघितलं, दार बंद होतं, नुसतं बंद दार.

आबा रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली मोटरसायकल घेऊन उभा होता. मला बघून त्यानं पटका काढला आन तोंड पुसलं. मी त्याच्या गळ्यात पडलो. शेळ्यांचा वास आला. मला वाटलं आता घरी गेल्यावर आधी चार भाकरी खायच्या, कडेसकट.

"लई उशीर केला सोडायला," आबा म्हनला. "अकरापासून उभा हाय."

"मोजन्यात घोळ झालता."

आत तीनची टोटल चालू झाली. बाहेर ऐकू येतं सगळं, जोडी जोडी म्हनलेलं. बराकीची झाली. मग लांबून सेपरेटची. मी उभा राहून ऐकायलो. तीन जोडी ऐकू आलं. त्याच्यापुढं काय ऐकू आलं न्हाई.

"थांब आबा जरा," मी म्हनलो. "घंटा वाजू दे."

"कसली घंटा?"

आमी थांबलो. तीन वाजून पाच झाले, दहा झाले. आत कोन तरी पळायला लागलं. बूट वाजले. परत पहिल्यापासून एक जोडी, दोन जोडी चालू झालं, ह्या येळंला भरभर. मी गेटकडं बघत होतो. मला उगीच वाटलं की आबा जेलात कधी आलेला न्हाई, आत कोनाला वळखत न्हाई, त्याला कोनी काय सांगितलेलं न्हाई. हे मला त्याच येळंला का वाटावं ते कळलं न्हाई.

"चल," आबा म्हनला. "ऊन लागायलंय." त्यानं गाडी चालू केली. बसला, आन मग सीटवर पुढं सरकला. अजून सरकला. पार टाकीवर जाऊन बसला, गुडघे हँडलला लागेपर्यंत, मागं सगळी सीट मोकळी सोडून.

मी बसलो. त्याच्या पाठीला चिकटून बसलो, जेवढं पुढं बसता येतंय तेवढं.

आबानं आरशात बघितलं, पटका बांधला.

"त्याला म्हनावं पाय वर घे," म्हनला. "सायलेन्सर तापलाय."